गाव किती जुनं आणि गाव कोणाचं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी सहज लिहून टाकलं होतं की खान्देशातल्या गावांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं आली, मेसेज आले, दोन व्हॉइस नोट आल्या (त्यातली एक सहा मिनिटांची, आणि मागे कडबा कुट्टीचं मशीन चालू, त्यामुळे निम्मा प्रश्न मशीनने खाल्ला). संपादक म्हणाले, तुम्हीच ओढवून घेतलंय, आता निस्तरा. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, म्हणून ज्यात बोलण्यासारखं काही आहे ते घेतोय. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. मी चाळीस वर्षं पुण्यात आहे. यंदा गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि स्मरणिकेत ‘आमच्या गावाचा इतिहास’ लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गावात कोणालाही विचारा, गाव पांडवकालीन आहे म्हणतात आणि तिथेच थांबतात. सुरुवात कुठून करू?

पांडवांना आधी मोकळं करा. खान्देशात मला अजून एक गाव भेटलेलं नाही जिथे पांडव मुक्कामाला नव्हते, नाहीतर रामाने पाणी प्यायलं नव्हतं. ते एका ओळीत लिहा, म्हाताऱ्यांना बरं वाटतं, आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं गाव सलग वसलेलं असेलच असं धरून चालू नका, आपल्याकडे ही फार मोठी गफलत होते. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खान्देशातून गेल्या, लगेच १८०३-०४ चा दुष्काळ पडला, वरून पेंढारी आणि अरब शिबंदीचा (भाडोत्री शिपायांचा) धुमाकूळ, आणि या सगळ्यात गावंच्या गावं उठली. १८१८ ला इंग्रजांनी प्रांत घेतला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जसमोर ओसाड गावं परत बसवायचं काम होतं आणि धुळं मोठं झालं तेही त्याने तिथे ठाणं केलं म्हणून. त्यामुळे गावाची जागा जुनी आणि माणसं नवी, हे आपल्याकडे भरपूर ठिकाणी आहे. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत, खणताना जुनी खापरं, मोठ्या विटा सापडतात पण आज गावात राहणारी घराणी सांगतात आम्ही पाच-सहा पिढ्यांपूर्वी अमक्या गावाहून आलो. दोन्ही खरं असतं. तुमच्या गावातल्या प्रत्येक आडनावाला एकच प्रश्न विचारा, कुलदैवत कुठे आहे आणि कुळाचाराला कुठे जाता? तिथून माणसं कुठून आली ते निम्मं कळतं.

मग गावाचं नाव नीट, पूर्ण बघा. खान्देशात गावाच्या नावामागे जी शेपटं लागतात, बु॥, खु॥, दिगर, प्र. अमुक, त. तमुक, ती लोक पत्ता लिहिताना गाळतात, पण खरा माल तिथे आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दिगर म्हणजे त्याच नावाचं दुसरं. ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, ‘त.’ म्हणजे तर्फ, म्हणजे दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी तुमच्या गावाचा वसूल कोणत्या ठाण्याला जायचा ते तुमच्या आधार कार्डावर आजही छापलेलं आहे आणि आपण त्याला टायपिंगची चूक समजतो.

कागदांचं म्हणाल तर १८८० चं खान्देशचं गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, ते नेटवर फुकट मिळतं. गाव लहान असेल तर नाव सापडणार नाही पण नदी, बंधारे, पिकं, बाजार, जातीजमाती, दुष्काळ हे सगळं भरपूर आहे. लिहिणारे साहेब लोक होते हे मात्र वाचताना विसरायचं नाही, भिल्लांबद्दल आणि महारांबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते बघून कान तापतात. मग जिल्ह्याची जनगणना पुस्तकं, १९५१-६१ पासूनची, त्यात प्रत्येक गावाची घरं आणि माणसं आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले गावचे जुने कागद, फेरफार, कडईपत्रकं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या. जुने कागद बरेचसे मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी धरून ठेवा. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींमुळे या लोकांना भाव आलाय आणि ते दोन-दोन महिने तारीख देत नाहीत.

माझा अनुभव सांगतो. मी एका कार्यालयात (नाव घेत नाही, उद्या परत जायचंय) आमच्या गावची नोंदवही मागायला गेलो. पहिल्या खेपेला उंदरांनी खाल्ली. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला तिथल्याच शिपायाने लाल फडक्यात बांधलेलं बाड आणून टेबलावर टाकलं आणि म्हणाला, भो, धूळ तूच झटक. १९१८ चं पान निघालं, इन्फ्लुएंझाच्या साथीचं वर्ष. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी, एकाच हाताचं मोडी, मयताचं नाव, वय, जात, आणि शेवटच्या रकान्यात कारण. ताप. ताप. ताप. खाली सगळं पान तेच. काही ठिकाणी लिहिणाऱ्याने शब्द लिहायचंही सोडून नुसत्या दोन टिंबा मारल्यात, वरीलप्रमाणे. माझ्या आजोबांना दोन मोठे भाऊ होते हे मला त्या पानावर कळलं, घरात कोणी कधी बोललं नव्हतं. तुमच्या स्मरणिकेत पांडवांच्या जागी असलं एक पान आलं तर मेळाव्यातली माणसं ते जपून ठेवतील.

आणि हो, १८५२ ला सरकारी मोजणीला खान्देशातल्या शेतकऱ्यांनी चांगलाच विरोध केला होता, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात दंगे झाले. ज्या सर्व्हे नंबरांवरून आज भाऊ भावाचं डोकं फोडतो ते नंबर आले तेव्हा आपल्या पणजोबांना नकोच होते. हे पण लिहा कुठेतरी.

प्रश्न : खान्देश म्हणजे कान्हाचा देश की खानाचा देश? आमच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे.

चालू राहू द्या, चांगली करमणूक आहे. कान्हदेश म्हणणारे आहेत, फारुकी सुलतानांच्या ‘खान’ पदवीवरून म्हणणारे आहेत. फारुकींनी १३८२ ते १६०१ राज्य केलं, आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. अकबराने असीरगड घेतला आणि दानियाल नावाच्या पोराला प्रांत दिला तेव्हा नाव बदलून ‘दानदेश’ ठेवलं होतं. ते नाव लोकांनी टिकू दिलं नाही, याबद्दल मात्र दोन्ही पार्ट्यांनी एकत्र चहा प्यायला हरकत नाही. सरकारदरबारी खान्देश जिल्हा १९०६ ला पूर्व आणि पश्चिम असा तुटला, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं.

प्रश्न : माझे सासरे ‘फडाची जमीन’, ‘फडाचा ऊस’ असं बोलायचे. आता ते नाहीत. आमच्या सातबाऱ्यावर चार ठिकाणी चार पट्ट्या आहेत, एवढ्या बारीक की ट्रॅक्टर वळत नाही. हे असं कोणी आणि का करून ठेवलं?

ताई, तुमच्या पत्राने माझी झोप उडवली, कारण या चार पट्ट्यांबद्दल मला वर्षानुवर्षं कोणीतरी विचारावं असं वाटत होतं.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. ही व्यवस्था निदान तीनशे वर्षांची समजतात. बंधारा म्हणजे धरण नव्हे, तो पाणी साठवत नाही, नुसतं अडवून वळवतो. तिथून पाट निघतो, दोन किलोमीटरचा असेल नाहीतर दहा-बारा किलोमीटरचा, त्याला चाऱ्या, चाऱ्यांना सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. एका बंधाऱ्याखाली जेवढी कायम बागायत भिजते तिचे साधारण चार मोठे तुकडे पाडायचे, त्या तुकड्याला म्हणायचं फड. एक फड शंभर-सव्वाशे हेक्टरचाही असतो. आणि नियम असा की एका फडात एकच पीक. यंदा हा फड उसाचा, तो भुसाराचा, तो पडीक, हे पंचांनी बसून ठरवायचं आणि दरवर्षी फिरवायचं.

आता तुमच्या पट्ट्या. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन जमेल तेवढी प्रत्येक फडात थोडी थोडी. का? तर ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी एक फड कोरडा ठेवायचा झाला तर तो सगळ्यांचाच थोडा थोडा कोरडा राहणार. पाटाच्या तोंडाशी बसलेला पाटील उसात आणि शेपटाला बसलेला गरीब धुळीत, असं होणार नाही. उसाचा फड लागला तर सगळ्यांचाच थोडा ऊस. एकच पीक असल्यामुळे पाणीही सगळ्यांना एकाच हिशोबाने लागायचं, कोणी म्हणायचं नाही की माझ्या पिकाला जास्त पाहिजे, राखणही एकत्र, गुरं शिरली तर सगळ्यांची ओरड एकदमच. ट्रॅक्टर वळत नाही हे खरं आहे ताई, पण ही आखणी करणाऱ्यांपुढे ट्रॅक्टर नव्हता, त्यांच्यापुढे भाऊबंद होते आणि त्यांना वळवणं जास्त अवघड होतं.

पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही, ऊस वाळत असला तरी नाही. पाटकऱ्यावर हवालदार, राखणीला जागल्या, आणि यांना पगार पैशात नाही तर पिकात. मी सात-आठ वर्षांचा असेन, आजोबांबरोबर रात्रीच्या पाळीला गेलो होतो, थंडी अशी की दात वाजत होते. आमचा पाटकरी उघडा पाय चारीत घालून उभा राहायचा. कंदील आजोबांच्या हातात, त्याला कंदील लागायचा नाही. पाणी घोट्याच्या वर आलं की तो समजायचा वरच्याची चारी नीट बंद झाली, घोट्याखाली राहिलं की समजायचा कोणीतरी चोरी करतोय, आणि तसाच काळोखात पाटावरून वर चालत जायचा. पावडंभर चिखल, त्यात ऊसाच्या पाचटाचा बोळा, दोन लाथा, झालं दार बंद. त्या रात्री चोर निघाला आजोबांचाच चुलतभाऊ. पाटकरी काही बोलला नाही, चारी बुजवली आणि आला. सकाळी पंचांसमोर गेलं प्रकरण. दंड काय, तर पाटाचा गाळ काढायच्या दिवशी घरचे दोन गडी जास्त पाठवायचे. त्या चुलतभावाने गडी पाठवले नाहीत, स्वतः आणि स्वतःचा पोरगा उतरला गाळात, सगळ्या गावाच्या डोळ्यादेखत, आणि संध्याकाळी पाटकऱ्याबरोबर बसून बिडी ओढली.

लगेच डोळे पाणावून घेऊ नका. ही व्यवस्था ज्याला जमीन होती त्याच्यासाठी होती, बिनजमिनीच्या माणसाला तिच्यात जागा होती ती गाळ उपसायला नाहीतर राखणीला. बाईचं मत कोणी विचारलं नाही. आणि एखाद्या पोराला वेगळं पीक करून बघायचं असलं तर पंच म्हणायचे, फडात नाही, तुझ्या कोरडवाहूत कर काय करायचं ते.

मोडली कशी म्हणाल तर कोणी मोडली नाही, ती झिजली. वरच्या अंगाला धरणं झाली, लाटीपाडा, मालनगाव, नदीचं वाहतं पाणी सरकारच्या आवर्तनावर गेलं, बंधाऱ्यांत गाळ भरला. त्याच सुमारास वीज आली आणि ज्याला जमलं त्याने विहीर पाडून मोटार टाकली. आमच्या वडिलांनीही टाकली, मी त्यांना दोष देत नाही, रात्री दोनला पाटकऱ्याची वाट बघण्यापेक्षा बटण दाबणं कोणालाही बरं. पण ज्याची स्वतःची विहीर आहे तो गाळ काढायला कशाला येईल? एक नाही आला, पुढच्या वर्षी दहा नाही आले. काही ठिकाणी पाट अजून वाहतात, पाटकरीही आहेत, जाऊन बघून या. तुमच्या सासऱ्यांच्या पट्ट्या शेजाऱ्याशी अदलाबदल करून एकत्र करायच्या असतील तर खुशाल करा, फक्त त्याआधी प्रत्येक पट्टी कोणत्या फडात होती ते एखाद्या म्हाताऱ्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : बायको नाशिकची आहे. ती म्हणते तुमच्या गावात लोक बोलतात की भांडतात तेच कळत नाही, आणि शेवभाजी खाल्ली की दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकावी लागते.

वहिनींना सांगा, भांडण असतं तेव्हा आवाज खाली येतो. वर असतो तोवर प्रेमच आहे. तिखटाला औषध नाही, पण हिवाळ्यात त्यांना बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी द्या. जळगावच्या भरीत वांग्याला जीआय टॅग मिळालाय, म्हणजे आता तक्रार करायची सोय सरकारनेच बंद केली आहे.

प्रश्न : आम्ही सुरतला उधन्यात राहतो, दोन पिढ्या झाल्या. घरात अहिराणी बोलतो. पोरगा गावी गेला की चुलत भावंडं त्याच्याशी मराठी नाहीतर हिंदी बोलतात आणि याच्या अहिराणीला हसतात. उलटं झालं ना हे? अहिराणी भाषा आहे की बोली, आणि बहिणाबाई अहिराणीतच लिहायच्या ना?

शेवटून सुरू करतो. नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आसोद्याच्या, सासर जळगावचं, त्यांची भाषा ती तिकडची लेवा गणबोली. अहिराणी ही जास्त करून धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, चाळीसगाव आणि बागलाणच्या बाजूची. दोन्हींत पुष्कळ देवघेव आहे पण एक नाहीत, आणि हे दोन्हीकडच्या लोकांना सांगून मी दमलोय. आणि ‘लिहायच्या’ पण नाही, त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक उतरवून ठेवायचे. त्या गेल्यावर १९५२ ला ते छापून आलं.

भाषा की बोली याचं उत्तर कोण देतोय त्यावर आहे. ग्रियर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली त्यात त्याने खान्देशीला मराठीच्या खंडात घातलंच नाही, भिल्ली भाषांबरोबर ठेवलं, १९०७ साली. तुम्ही सुरतला राहता तर तुम्हाला हे जास्त कळेल, गुजराती माणूस म्हणतो ‘छे’, आपण म्हणतो ‘शे’. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा), हे शब्द पुण्याच्या माणसाला देऊन बघा. जनगणनेत २००१ ला सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी खान्देशी/अहिराणी मातृभाषा सांगितली होती, २०११ ला सुमारे १८ लाख ६० हजार. एवढी माणसं मेली नाहीत. कॉलम भरताना मास्तरांनी विचारलं, मातृभाषा मराठीच ना? आणि आपण मान हलवली.

तुम्ही म्हणता तसं उलटंच झालंय, आणि हे मी बऱ्याच ठिकाणी बघतो. गावात राहणाऱ्याला वाटतं अहिराणी बोललो तर पोरगं मागे पडेल, साहेबासमोर ‘काय करी ऱ्हायना’ (काय करतोयस) निघून जाईल. सुरतेला तापी लाइनने जाऊन पावरलूमवर, डाइंगमध्ये, हिऱ्याच्या घंटीवर बसलेल्याला ती लाज नाही, कारण तिथे गुजराती, हिंदी, ओडिया असल्या गर्दीत आपला माणूस ओळखायचा तो एका ‘कथा चालना रे भो’ (कुठे चाललास रे भाऊ) वरूनच. पोराला सांगा हसणाऱ्यांना एवढंच म्हण, तुम्हनी माय मन्ही मायसंगे फोनवर कोनती भाषा बोलस? गप्प होतील.

प्रश्न : मी नागपूरची, लग्न होऊन धुळ्याला आले. कानबाईला माझा सख्खा भाऊ नेमका आला होता, त्याला रोटाचं जेवण दिलं नाही, वेगळा स्वयंपाक केला. मला फार वाईट वाटलं. ही कसली रीत?

वाईट वाटणारच. तरी रीत काय आहे ते सांगतो, पटवून घ्यायचं की नाही ते तुमच्यावर.

कानबाई ही खान्देशातली देवी, ती श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, जे गहू काढतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून काढायची रीत आहे. म्हणजे ती एक प्रकारे भाऊबंदकीची शिरगणतीच. मुंबई-सुरतेला असलेल्या माणसाचीही मूठ पडते, पाळण्यातल्या पोराचीही पडते. भांडून वेगळे झालेले, एकमेकांच्या दारात न जाणारे भाऊसुद्धा त्या दिवशी एकाच ढिगात मोजले जातात. म्हणून तो रोट फक्त त्या कुळाने खायचा. तुमचा भाऊ दुसऱ्या कुळाचा, त्याची मूठ त्यात नाही. आणि गंमत बघा, बऱ्याच घरांत लग्न करून गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही, पण कालपरवा आलेल्या तुम्हाला चालतो. सासरी तुम्हाला नक्की कधी मोजून घेतलं हे कळायचा तो एक दिवस आहे, मात्र मूठ तुमच्या नावाची नाही, हेही खरं, आणि हे माझ्या आईनेच मला एकदा पीठ मळता मळता सुनावलं होतं. आता काही घरांत बायकांच्या, मुलींच्याही मुठी टाकायला लागलेत. तुमच्या सासूबाईंना विचारून तर बघा. भावाला पुढच्या वेळी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोलवा. तेव्हा आमरस-सांजोऱ्या सगळ्यांना असतात, झोके असतात, आणि पत्त्यांचा डाव तर असा की त्याला घरी परत पाठवायला तुम्हालाच त्रास होईल.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या गावाने गावाचा इतिहास म्हणून छान रंगीत पुस्तक काढलं. देऊळ, गढी, पाटील घराणी, सोसायटी, सगळं आहे. गावाला लागून साठ-सत्तर घरांची भिलाटी (भिल्लांची वस्ती) आहे, तिच्याबद्दल एक ओळ नाही. वर्गात एका पोराने विचारलं, सर, मंग आम्ही कुठले? काय सांगू?

गुरुजी, पहिलं पत्र पुण्याहून आलंय ते तुम्ही वाचा आणि तुमचं पत्र त्या पुण्याच्या गृहस्थांनी वाचावं, म्हणून दोन्ही एकाच अंकात घेतलीयत.

त्या पोराला सांगा की गावाची शीव, म्हणजे हद्द, कुठून कुठे जाते हे सगळ्यात आधी त्याच्या आज्यापणज्यांना माहीत होतं. जुन्या गावात जागल्या असायचा आणि खान्देशात तो बहुतेक भिल्ल असायचा. दोन गावांत हद्दीचं भांडण लागलं की पाटील कागद काढायचा, आणि जागल्या चालून दाखवायचा, या बांधापासून त्या बोरीपर्यंत. चोराचा माग तोच काढायचा. इंग्रज आले तेव्हा डोंगरातल्या नाइकांचे (भिल्लांच्या म्होरक्यांचे) वाट राखायचे, घाट राखायचे जुने हक्क होते, ते बुडाले म्हणून धामधूम झाली. आधी फौजा पाठवून बघितल्या, काही चाललं नाही, मग १८२५ मध्ये आउटराम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच लोकांची भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. १८५७-५८ ला खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले ते तुमच्याच बाजूला, सेंधव्याच्या घाटात, सातपुड्यात, आणि अंबापाणीची लढाई १८५८ ची. शिरपूरच्या पोराला हे पानिपतच्या आधी माहीत पाहिजे.

पण पलटण आणि लढाया सांगून त्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर होत नाही, कारण तो भिलाटीचं विचारतोय, नाइकांचं नाही. दरवर्षी आखाजीला सालदार (वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी) ठरतात, कोण कोणाच्या घरी, किती धान्यावर, किती पैशावर. त्या बोलीचे कागद नसतात पण भिलाटीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, मी अमक्याकडे इतकी सालं होतो, माझा बाप त्याच्या बापाकडे, ती विहीर आम्ही खणली, तो बांध आम्ही घातला, पुढची चाळीस वर्षं तो घडाघडा सांगेल. रंगीत पुस्तकात ज्या घराण्यांचे फोटो आहेत त्या घराण्यांची खरी वही तिथे, त्याच्या डोक्यात आहे. साक्रीकडे बारीपाडा नावाचा कोकणा लोकांचा पाडा आहे. ना गढी, ना देशमुख, पण त्यांनी जंगल राखलं आणि तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे लोक विचारायला लागले हा पाडा कधीचा.

तुम्हाला मी फोनवर म्हटलं होतं की पोरांना आपापल्या आजीकडे पाठवा आणि शिवारातल्या नाल्यांची, दऱ्यांची, एकेकट्या झाडांची नावं लिहून आणायला सांगा, नकाशात नसलेली. तुम्ही चार दिवसांत वहीची दोन पानं पाठवलीत, पेन्सिलीने, वेगवेगळ्या अक्षरांत. अस्वलदरा, म्हसोबाचा खडक, पिवळी माती, जागल्याचा निंब, सावकारबुड्या डोह. सावकार कसा बुडाला हे तिसरीतल्या पोराने खाली चार ओळींत लिहिलंय, वाचून हसलो. पण शेवटचं नाव आहे ‘बाईमेली नाला’ आणि त्याच्यापुढे नुसतं लिहिलंय ‘आजी सांगत नाही’. ती बाई कोण होती ते आजीला पुन्हा विचारा गुरुजी, घाई न करता, आणि सांगितलं तर मला कळवा. नाही सांगितलं तरी कळवा.